जुन्या गाडीचं इंजिन ऑइल गळतंय? पाना हातात घेण्याआधी उगम शोधा

जुन्या इंजिनावर थोडा तेलकट थर असणं ही एक गोष्ट, आणि दर आठवड्याला डिपस्टिकवर (तेलाची पातळी मोजायच्या पट्टीवर) तेल खालच्या खुणेवर येणं ही दुसरी. पहिलीसोबत वर्षानुवर्षं राहता येतं. दुसरी अंगावर काढली तर इंजिन जातं. हा लेख दुसऱ्या अवस्थेतल्या गाडीसाठी आहे, आणि ज्यांनी आजवर बोनेट फक्त पाणी भरायला उघडलं त्यांनाही समजावा अशा बेताने लिहिला आहे.

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीची गळती पाहून एका गॅरेजने निकाल दिला होता, "क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." (क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा; सील म्हणजे त्याच्या टोकातून तेल बाहेर येऊ न देणारी रिंग.) तेल खरोखरच गिअरबॉक्सच्या तोंडापाशी ठिबकत होतं, त्यामुळे निदान पटण्यासारखं होतं. इंजिन धुऊन पाहिल्यावर मात्र ओल सापडली पार वर, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात. तिथून तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरत खाली येत होतं. एक रबरी पॅकिंग बदललं आणि काम भागलं. थेंब पडतो तिथेच गळती असेल असं समजून काम काढलं, की चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जाते. म्हणून उगम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. पुढचं सगळं त्या एका कामासाठी आहे.

१. गाडी चालवायची की उभी ठेवायची, हे आधी ठरवा

गाडी सपाट जागी लावा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग बाहेर काढून वाचा. बहुतेक कारमध्ये वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण १ लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर ऑइल भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. "गळतंच आहे, मग जरा जास्त भरून ठेवू" असंही करू नका. पातळी फार वर गेली की फिरता क्रँक तेल घुसळतो, त्याचा फेस होतो आणि फेसाळलेलं तेल बेअरिंगला (क्रँक ज्या आधारांवर फिरतो त्यांना) नीट दाब देऊ शकत नाही.

डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा जुन्या गाड्यांत पातळी नाही, दाब दाखवतो. तो साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली दाब घसरल्यावर लागतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत बेअरिंगला तेल मिळणं जवळजवळ थांबलेलं असतं. चालत्या गाडीत हा दिवा लागला तर लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "घर तर समोरच आहे" म्हणून नेलेली गाडी बऱ्याचदा थेट इंजिन खोलायला जाते.

खालीलपैकी काहीही असेल तर गाडी टो करूनच हलवा:

- इंजिन चालू असताना थेंबांऐवजी धार लागते.
- तेल एक्झॉस्टवर पडतंय: जळका वास, बोनेटमधून निळसर-पांढरा धूर. इथे आग लागू शकते.
- तेल टायमिंग बेल्टवर, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणाऱ्या पट्ट्यावर, जातंय. तेलाने बेल्टचं रबर फुगतं आणि सुटू लागतं. बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

२. हे इंजिन ऑइलच आहे ना?

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि चारही चाकं कुठे येतात ते त्यावर पेनाने आखून ठेवा. सकाळी डाग इंजिनाच्या कोणत्या बाजूला आहे, हे त्यावरून नेमकं सांगता येतं.

नंतर रंग आणि वास पाहा. इंजिन ऑइल नवं असताना मधासारखं असतं, वापरलेलं तपकिरी ते काळं. डिझेल इंजिनात ते फार लवकर काळं होतं. लाल आणि पातळ असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं. जाडसर आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी आणि पाण्यासारखं असेल तर कूलंट. ते चाखून बघू नका, विषारी असतं. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या रेषेत फिकट, पातळ द्रव दिसला तर तो ब्रेक ऑइल असू शकतो. मग हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी अजिबात चालवू नका. स्वच्छ, वासहीन पाणी बहुतेक वेळा एसीचं असतं.

पुठ्ठा कोरडा आहे, इंजिन बाहेरून कोरडं आहे, तरी पातळी उतरतेय? मग तेल गळत नाही, जळतंय. चढावर किंवा गिअर कमी करून अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून निळा धूर येतो का ते पाहा. तो आजार वेगळा आहे, पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह सीलचा.

३. हाताशी काय हवं

कागदपत्रं आधी, कारण ती लोक विसरतात:

- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल: ऑइलचा ग्रेड, क्षमता आणि बोल्ट किती टॉर्कवर, म्हणजे किती जोराने, आवळायचे यासाठी
- मागच्या कामांची बिलं. गळती सुरू होण्याआधी शेवटचं काम कोणतं झालं, हा मोठा धागा असतो.
- चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन वेगळी इंजिनं आलेली असतात आणि पॅकिंग जुळत नाही.

साहित्य: चांगली टॉर्च, दांडीचा छोटा आरसा, डीग्रीझर, ब्रश, पांढरी सुती फडकी, प्लास्टिकच्या पिशव्या, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, हातमोजे, चष्मा, पाना सेट, टॉर्क पाना. मोबाइलला जोडता येणारा लवचिक कॅमेरा मिळाला तर फारच उत्तम; इंजिनाच्या मागच्या बाजूला डोकं घालता येत नाही, तिथे तो पोचतो.

खाली जायचं असेल तर जॅक, दोन मजबूत स्टँड आणि चाकांना अडण्या हव्यातच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. स्टँड नसतील तर खालची तपासणी लिफ्ट असलेल्या ठिकाणी करून घ्या.

४. इंजिन धुवा. हे टाळून पुढे जाता येत नाही

बहुतेकांना ही पायरी वेळखाऊ वाटते आणि इथेच सगळा घोळ होतो. गळक्या इंजिनावर अनेक महिन्यांचं तेल आणि धूळ साचलेली असते. ते जुनं तेल गरम झालं की पुन्हा ओघळतं. त्यात ताजं कोणतं आणि जुनं कोणतं हे कोणताही मेकॅनिक सांगू शकत नाही. जो सांगतो तो अंदाज बांधतोय.

इंजिन कोमट असताना धुवा, गरम असताना नको. तापलेल्या धातूवर थंड पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो आणि डीग्रीझर वाळून बसतं. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग), फ्यूज बॉक्स, कंट्रोल युनिट आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकने बांधून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डीग्रीझर मारा, बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ मुरू द्या, ब्रशने घासा आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाणी कनेक्टरमध्ये आणि सीलच्या आत शिरतं. मग गळती शोधायची सोडून इंजिन अडखळतंय का (मिसफायर) ते शोधत बसावं लागतं. पेट्रोल ओतून धुण्याची पद्धत अजूनही दिसते. ती सरळ धोकादायक आहे. कोपऱ्यांसाठी ब्रेक क्लीनर वापरा, पण तोही पेट घेतो: थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत, आणि वाफ उडून गेल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही.

इंजिनाखाली प्लास्टिकचं कव्हर असेल तर ते काढून ठेवा. गळलेलं तेल त्यात साचतं, पसरतं आणि भलत्याच भोकातून बाहेर पडतं. धुतलेलं तेलकट पाणी गटारात सोडू नका, खाली ट्रे ठेवून जमेल तेवढं गोळा करा.

सगळं कोरडं झालं की बांधलेलं प्लास्टिक सोडा, बॅटरी जोडा आणि चारही बाजूंनी फोटो काढा. पुढे तुलना करायला हे फोटो फार उपयोगी पडतात.

५. तीन टप्प्यांत तपासा

आधी पातळी बरोबर करून घ्या. मग:

पहिला टप्पा, इंजिन चालू करून जागेवरच १०-१५ मिनिटं चालू द्या आणि टॉर्चने पाहत राहा. सैल कपडे, ओढणी, मोकळे केस बेल्ट आणि पंख्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

दुसरा टप्पा, १५-२० किलोमीटर चालवून या आणि लगेच पाहा.

तिसरा टप्पा, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पाहा.

तेल केव्हा येतं यावरून कुठून येतं याचा बराच उलगडा होतो. गरम इंजिनात ऑइल पंप आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) साधारण १ बार आणि रेस वाढल्यावर ३ ते ५ बार दाब देतो. इंजिन सुरू होताच जोरात गळत असेल आणि बंद केल्यावर थांबत असेल, तर दाबाच्या बाजूचे भाग आधी पाहा: ऑइल प्रेशर स्विच, फिल्टर, ऑइल कूलर, टर्बोला तेल देणारा पाइप. गाडी उभी असतानाही संथपणे ठिबकत राहत असेल तर तेलाच्या पातळीखालचे भाग: चेंबरचं (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याचं) पॅकिंग आणि ड्रेन बोल्ट. लांब, वेगात चालवल्यावरच गळत असेल तर ब्रीदर (तो काय, ते सातव्या पायरीत) आणि क्रँकची सीलं.

पाहताना एकच नियम धरा: सर्वांत उंच आणि सर्वांत पुढे असलेली ताजी ओल शोधा. तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. त्यामुळे सगळ्यात काळाकुट्ट दिसणारा भाग बहुधा निव्वळ बळी पडलेला असतो. बोटाने चाचपण्यापेक्षा पांढरं फडकं टेकवा; तेलाचा हलका ठिपकाही त्यावर उमटतो. या नियमाला एक अपवाद आहे. क्रँक पुलीमागचं पुढचं सील गेलं तर फिरती पुली तेल गोलाकार फेकते, आणि पुलीच्या रेषेत वर-खाली, बाजूच्या पॅनेलवरसुद्धा तेलाचा पट्टा दिसतो. तो पट्टा दिसला तर वरचा ठिपका सोडा आणि पुलीमागे पाहा.

६. डोळ्याला दिसत नसेल तर पावडर आणि डाय

संशय एक-दोन जागांवर आला असेल तर तिथे साधी टाल्कम पावडर किंवा पायाला मारायचा पावडर स्प्रे मारा. पांढऱ्या थरावर ताज्या तेलाची रेघ लगेच उठून दिसते. बेल्टवर आणि एअर फिल्टरच्या तोंडाजवळ पावडर उडू देऊ नका.

तरीही कळलं नाही तर यूव्ही डाय, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारा रंग, वापरा. तो ऑइलमध्ये बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालायचा, गाडी चालवायची, आणि अंधारात यूव्ही टॉर्च व पिवळ्या चष्म्याने पाहायचं. गळतीची वाट हिरवट-पिवळी चमकते. घालताना झाकणाजवळ सांडलेला एक थेंबही तसाच चमकतो आणि टॅपेट कव्हर गेल्यासारखं वाटतं. म्हणून डाय घातल्याबरोबर तोंडाभोवतीचा भाग ब्रेक क्लीनरने पुसून काढा.

७. कोणतंही सील बदलण्याआधी ब्रीदर तपासा

जुन्या गाड्यांत सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट ही, म्हणून इथे जरा थांबतो.

पिस्टनच्या कडेने थोडा वायू खालच्या भागात, म्हणजे क्रँककेसमध्ये, सतत निसटत असतो. तो बाहेर काढायला ब्रीदरचा पाइप आणि बऱ्याच पेट्रोल गाड्यांत एक पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. हा मार्ग काजळी आणि चिकट गाळाने बंद झाला की आत दाब वाढतो. कुकरची शिट्टी अडकल्यावर वाफ रबरी रिंगमधून वाट काढते, तसंच इथे तेल मिळेल त्या सीलमधून बाहेर पडतं. तुम्ही एक सील बदलता, काही दिवसांनी दुसरं गळू लागतं, आणि दोष पार्टला दिला जातो.

तपासणी सोपी आहे. गरम इंजिन आयडलला ठेवा, ऑइल भरायचं झाकण सैल करून उचला आणि तोंडावर पातळ कागद धरा. तेलाचे शिंतोडे उडू शकतात, चष्मा घाला. पीसीव्ही असलेल्या पेट्रोल इंजिनात कागद हलकासा आत ओढला गेला पाहिजे. झाकण काढल्यावर आयडल थोडं बिघडलं तर घाबरू नका, अनेक गाड्यांत तसं होतं. कागद बाहेर उडत असेल, झाकण नाचत असेल किंवा डिपस्टिक आपोआप वर येत असेल, तर आत दाब आहे. जुन्या डिझेल इंजिनांत हलके ठोके जाणवणं चालतं, जोराचा झोत चालत नाही.

ब्रीदरचे सगळे पाइप काढून आतून साफ करा. तडकलेले किंवा मऊ पडून चपटे झालेले असतील तर बदला. पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा टाका, तो महागडा भाग नसतो. पुन्हा धुवा, पुन्हा चालवा. काही गाड्यांची गळती इथेच संपते. ब्रीदर स्वच्छ असूनही झोत येत राहिला तर रिंगा झिजल्या आहेत, आणि सीलांवर खर्च करण्याआधी कॉम्प्रेशन चाचणी (सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं) करून घ्या.

८. वरून खाली: नेहमीच्या जागा

टॅपेट कव्हरचं पॅकिंग. उष्णतेने रबर कडक होतं आणि कोपऱ्यांतून पाझर सुरू होतो. मागचा कोपरा आरशाने नक्की पाहा. स्पार्क प्लगच्या खोबणीत तेल साचलं असेल तर तिथली वेगळी सीलं गेलीत. प्लग काढण्याआधी ते तेल टिपून घ्या, नाहीतर सिलिंडरमध्ये उतरतं. गळती थांबेल या आशेने कव्हरचे बोल्ट आवळत सुटू नका. ते बऱ्याच इंजिनांत १० न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचे असतात. जास्त ताकद लावली तर कव्हर वाकतं आणि पॅकिंग चिरतं.

डिस्ट्रिब्युटर किंवा कॅम सेन्सरची ओ-रिंग (गोल रबरी रिंग). छोटी, स्वस्त, आणि गळती गिअरबॉक्सच्या बाजूलाच उतरत असल्याने हमखास मागच्या सीलचा भास देणारी.

ऑइल प्रेशर स्विच. याचा कनेक्टर काढून आत पाहा. आत तेल असेल तर स्विच फुटला आहे. दाबाखाली असल्याने एवढ्याशा भागातून भरपूर तेल जातं.

ऑइल फिल्टर. गळती सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झाली असेल तर सर्वांत आधी हेच. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहते, तिच्यावर नवा फिल्टर बसतो, आणि दोन रिंगांच्या मधून तेल धारेने सुटतं. फिल्टर काढून बसायची जागा बोटाने तपासा, नव्या रिंगला तेल लावा, हातानेच आवळा.

याच उंचीवर फिल्टर हाउसिंगचं पॅकिंग, ऑइल कूलर, डिझेलमध्ये व्हॅक्यूम पंप आणि टर्बोचा परतीचा पाइप पाहून घ्या. ब्लॉक (इंजिनाचा मुख्य भाग) आणि त्यावर बसणाऱ्या हेडच्या जोडावर ताजी ओल दिसली तर हेड गॅस्केट बाहेरच्या बाजूने पाझरतंय.

सर्वांत खाली चेंबर. इथे गंजून पडलेली बारीक भोकं, दगड लागून आलेला पोचा, आणि ड्रेन बोल्ट. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा हवा. आटे गेले असतील तर बोल्टवर धागा किंवा टेप गुंडाळून चालवू नका, नवे आटे पाडून घ्या किंवा चेंबर बदला.

९. मागच्या सीलवर ठपका ठेवण्याआधी

हे काम मोठं आहे, कारण सील स्वस्त असलं तरी त्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. होकार देण्यापूर्वी मेकॅनिकला तीन गोष्टी दाखवायला सांगा. इंजिनाची मागची भिंत वरपासून खालपर्यंत कोरडी आहे. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या पोकळ कवचाच्या) खालच्या भोकातून किंवा झाकण काढून आतून ओल दिसते. आणि ते इंजिन ऑइल आहे, गिअर ऑइल नाही. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून फिरकी घेणाऱ्या दांड्याचं) सीलही याच पोकळीत गळतं. चांगला मेकॅनिक हे आनंदाने दाखवतो.

तिन्ही पटलं तर काम करूनच घ्या. तेल क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरतो आणि प्लेट वाया जाते. गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचं सील त्याच वेळी पाहून घ्या. नंतर त्यासाठी तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल.

१०. दुरुस्ती आणि फेरतपासणी

सिलिकॉन पेस्ट मॅन्युअलमध्ये सांगितली आहे तिथेच, बारीक रेघेएवढी आणि कोरड्या, तेलविरहित पृष्ठभागावर लावा. जादा पेस्ट आत सुटते, तिचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिन तेलाविना मरतं. पेस्ट पूर्ण वाळेपर्यंत ऑइल भरू नका. वेळ ट्यूबवर लिहिलेला असतो, अनेकदा २४ तासांपर्यंत.

गळती थांबवणारी औषधं कडक झालेलं रबर थोडं फुगवतात. हलक्या पाझरावर काही काळ फरक पडू शकतो. फुटलेल्या स्विचवर, गेलेल्या आट्यांवर, भोक पडलेल्या चेंबरवर त्यांचा काहीही उपयोग नाही, आणि ज्या गाडीत दर आठवड्याला ऑइल भरावं लागतं तिथे त्यांच्यावर वेळ घालवू नका.

काम झाल्यावर इंजिन पुन्हा स्वच्छ करा, पातळी नोंदवून ठेवा, आणि पाचव्या पायरीतले तिन्ही टप्पे पुन्हा करा. पहिले काही आठवडे दर इंधन भरताना डिपस्टिक पाहा. जुन्या गाडीत दोन-तीन जागा एकदम गळत असतात. मोठी बंद झाली की तिच्या तेलाखाली झाकलेली छोटी दिसू लागते. तेव्हा झालेलं काम उलगडायला लावू नका. फोटो काढा आणि नव्या ओलीसाठी पुन्हा वरून सुरुवात करा.